महासीरची त्वचा सूक्ष्मदर्शकाखाली

१९१५ मध्ये सुरू झालेल्या खोपोलीच्या वीजगृहाला पाणी पुरवणाऱ्या वळवण तलावाकाठी, लोणावळ्याला, टाटा पॉवरच्या केंद्रात महासीर माशांची पैदास केली जाते. या माशाच्या बाह्यत्वचेवर माणसाच्या त्वचेसारखा मृत पेशींचा थर नसतो. तिच्या जिवंत पेशींमध्ये श्लेष्मपेशी, म्हणजे बुळबुळीत स्राव तयार करणाऱ्या पेशी, आणि जखम होताच धोक्याचे रसायन पाण्यात सोडणाऱ्या गदापेशी विखुरलेल्या असतात. खालच्या अंतस्त्वचेत रंगपेशी, कोलॅजन या चिवट प्रथिनाचे एकमेकांना छेदणारे तंतू आणि खवल्यांची मुळे असतात. खवल्यांवरील वर्तुळाकार रेषांची दाटी पाहून माशाच्या वयाचा अंदाज बांधता येतो. कोरड्या हाताने श्लेष्मा निघून जंतूंना वाट मिळते, म्हणून जिवंत मासा नेहमी ओल्या हातानेच धरावा.