मालमत्ताधारणेतील स्त्री-पुरुष तफावत व तिचे मापन

मालमत्ताधारणेतील स्त्री-पुरुष तफावत व तिचे मापन : जमीन, घर, दुकान, दागदागिने, ठेवी, भागभांडवल इ. मालमत्तेवरील स्वामित्व स्त्रिया व पुरुष यांच्यात कोणत्या प्रमाणात विभागले गेले आहे, हे ठरविण्याच्या सांख्यिकीय पद्धतींचा विचार या विषयात येतो. उत्पन्न व मजुरी यांतील तफावत मोजण्याची परंपरा जुनी आहे. मालमत्तेच्या तफावतीचे पद्धतशीर मापन मात्र विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाले. याचे मुख्य कारण असे, की मालमत्तेची गणना दीर्घकाळ कुटुंब हे एकक धरून होत आली. कुटुंबाकडे पाच एकर जमीन आहे एवढे कळले, की गणना संपत असे. कुटुंबातील कोणाची, हा प्रश्न विचारला जात नसे. नवरा मेला, त्याने टाकले किंवा दिरांनी वाटणी मागितली, की त्याच कुटुंबातील स्त्रीला हा प्रश्न नेमका भेडसावतो.

मापनाची तीन रूपे प्रचलित आहेत. एकूण स्त्रियांपैकी किती स्त्रियांच्या मालकीचे काही ना काही आहे, हे पहिले. एकूण मालकांत स्त्रिया किती, हे दुसरे. आणि एकूण मालमत्तेपैकी, क्षेत्रफळाने वा किंमतीने, किती हिस्सा स्त्रियांकडे आहे, हे तिसरे. या तिन्हींची उत्तरे एकाच गावात एकमेकांपासून फार दूर जाऊ शकतात. सातारा व सांगली या जिल्ह्यांचा दाखला यासाठी विशेष उद्‌बोधक आहे.

सांगलीच्या दिवाणी न्यायालयात दाखल झालेला एक दावा पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम’ या नावाने हिंदू वारसा कायद्यात प्रमाणभूत ठरला. १९६० मध्ये वारलेल्या एका गृहस्थामागे पत्नी, दोन मुलगे व तीन मुली असे सहा वारस होते. मालमत्तेत घरे, जमीन व दुकाने होती. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार विधवेचा हिस्सा किती, हा वादाचा मुद्दा होता. मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असे कल्पून हिशेब करावयाचा असतो. अशा काल्पनिक वाटणीत पती, पत्नी व दोन मुलगे यांना प्रत्येकी एक चतुर्थांश मिळतो आणि पतीचा चतुर्थांश मग सहा वारसांत विभागला जातो. खालच्या न्यायालयाने विधवेला या दुसऱ्या विभागणीतील १/२४ एवढाच हिस्सा दिला. तिला काल्पनिक वाटणीतील १/४ सुद्धा मिळाला पाहिजे, म्हणजे एकूण ७/२४, हे उच्च न्यायालयाने मान्य केले व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये कायम केले. एकाच कायद्याच्या दोन वाचनांत एका स्त्रीचा हिस्सा सातपट बदलला.

मापनाच्या दृष्टीने हा दाखला आणखी पुढे नेता येतो. निर्णयानुसार हिशेब केला, तर विधवा ७/२४ व तीन मुली प्रत्येकी १/२४ मिळून स्त्रियांकडे १०/२४, म्हणजे सु. ४२ टक्के मालमत्ता येते. परंतु डोकी मोजली, तर सहा मालकांपैकी चार, म्हणजे ६७ टक्के स्त्रिया आहेत. सु. ४२ व ६७ हे दोन्ही आकडे खरे आहेत. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने मुलीला जन्मतः सहदायाद मानले. ती लागू असती, तर बाप, आई व पाच अपत्ये असे सात समान हिस्से होऊन बापाचा हिस्सा पुन्हा सहांत वाटला गेला असता आणि प्रत्येकाला १/६ मिळाला असता. स्त्रियांचा हिस्सा ६७ टक्के झाला असता. महाराष्ट्राने अशी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती. मात्र तीत त्यापूर्वी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. २००५ ची दुरुस्ती लागू होण्यासाठी त्या दिवशी बाप हयात असण्याची आवश्यकता नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले [⟶ वारसा कायदा]. मुस्लिम कुटुंबांत मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो. शिवाय १९३७ चा शरियत कायदा शेतजमिनीला लागू नाही.

हा झाला कायद्यातील हिस्सा. गावदप्तरात काय उतरते, ते वेगळे पाहावे लागते. अशाच रचनेच्या एखाद्या कुटुंबातील तिन्ही बहिणींनी भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून दिले आहे, असे समजू. ही गोष्ट कृष्णाकाठी इतकी नेहमीची आहे, की न करणारी बहीणच चर्चेचा विषय होते. माहेर तुटू नये, भावाने दिवाळीला न्यायला यावे, अडचणीत उभे राहावे, यासाठी दिलेली ती किंमत असते आणि तिची नोंद ‘स्वखुशीने, विनामोबदला’ अशी होते. आता १९५६ च्या हिशेबानुसार स्त्रियांकडे फक्त आईचे ७/२४, म्हणजे २९ टक्के उरले. मालक तिघे व त्यांत स्त्री एक. आईचे नाव सातबाराच्या उताऱ्यावर भोगवटादार म्हणून न लागता ‘इतर हक्क’ या रकान्यात गेले, तर भोगवटादारांची यादी मोजणाऱ्याला स्त्रियांचा हिस्सा शून्य दिसेल. याउलट घरी जाऊन दोन्ही सुनांना ‘तुमच्या एकटीच्या वा इतरांबरोबर मालकीची जमीन आहे काय’ असे विचारले व त्यांनी ‘आमचीच आहे की’ असे उत्तर दिले, तर आई धरून घरातील तिन्ही स्त्रिया मालक ठरतील. जमीन तीच, घर तेच. उत्तर शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत काहीही.

गावदप्तराच्या या मर्यादा त्याच्या उद्देशातून आलेल्या आहेत. मुंबई इलाख्यात १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदणी सुरू झाली, ती मुख्यतः जमीन महसुलासाठी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनुसार (१९६६) अशी नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते. पण ती मालकी निर्माण करीत नाही, हे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. जुन्या उताऱ्यांवर थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) अशी अक्षरे आढळतात. त्या तीन अक्षरांमागे धाकटे भाऊ, विधवा भावजया व बहिणी असे अनेक हक्कदार लपलेले असतात. घरांची नोंद आणखी वेगळ्या ठिकाणी, गावात ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये व शहरात मिळकत पत्रिकेवर असते. त्यामुळे केवळ सातबारा पाहणाऱ्या गणनेतून घरे संपूर्ण सुटतात. जुन्या काळाशी तुलना करणाऱ्याने प्रदेशाच्या सीमाही ध्यानात घ्याव्यात. आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ म्हणून अस्तित्वात आला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यात पूर्वीच्या सातारा जिल्ह्यातील तालुक्यांबरोबरच सांगली, मिरज, जत या विलीन संस्थानांचे भाग आले, ज्यांची दप्तरे एका घडणीची नव्हती.

क्षेत्रफळ मोजावे की किंमत, हा प्रश्न या भागात केवळ तात्त्विक नाही. वाळवा वा कराड तालुक्यातील बारमाही पाण्याखालचा उसाचा एक एकर आणि माण किंवा जत तालुक्यातील माळाचा एक एकर यांची बेरीज करणे म्हणजे सोन्याचा व कोळशाचा तोळा एकत्र मोजणे होय. वाटणीत विधवेला डागाचा कोणता तुकडा आला, विहीर कोणाच्या हिश्शात गेली, यावर खरी तफावत ठरते. टेंभू, ताकारी व म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी जसजसे आटपाडी, खानापूर, तासगाव, जत या बाजूंना पोहोचले, तसतशा पूर्वी कोणी न मागितलेल्या कोरडवाहू हिश्शांना किंमत आली. तेव्हा किंमतीच्या मापनात मूल्यांकनाचे वर्ष सांगणे अपरिहार्य ठरते.

देशपातळीवरील आकडे वाचताना हे सर्व लक्षात ठेवले पाहिजे. २०१५-१६ च्या कृषिगणनेत भारतातील वहितीधारकांपैकी सु. १४ टक्के स्त्रिया होत्या व त्यांच्याकडील क्षेत्र १२ टक्क्यांहून थोडे कमी होते. त्याच सुमारास राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३८ टक्के स्त्रियांनी घर वा जमीन, एकटीच्या किंवा संयुक्त मालकीची, असल्याचे सांगितले. २०१९–२१ च्या फेरीत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले. महाराष्ट्रात मात्र याच दोन फेऱ्यांत ते एक तृतीयांशाच्या आसपासवरून एक चतुर्थांशाच्या खाली आले. पाच वर्षांत एवढ्या स्त्रियांनी मालमत्ता गमावली, असे मानण्यास आधार नाही. उत्तर देणाऱ्या स्त्रीने ‘मालकी’ या शब्दाचा कोणता अर्थ घेतला, यावर हे माप हेलकावे खाते. कृषिगणनेचे माप त्या मानाने स्थिर आहे. पण ते वहितीचे आहे, मालकीचे नव्हे, आणि महाराष्ट्रात ते गावदप्तरावर आधारलेले आहे. बीना अगरवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ राज्यांतील गावांच्या २००९–१४ या काळातील माहितीवरून काढलेला निष्कर्ष अधिक बोलका आहे. तेथे जमीनमालकांत स्त्रिया १४ टक्के व त्यांची जमीन ११ टक्के होती. आणि ती बहुतांशी मुलगी म्हणून नव्हे, तर विधवा म्हणून आलेली होती. शेजारच्या कर्नाटकात २०१०-११ मध्ये कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीची मालमत्ता स्वतंत्रपणे विचारून पाहणी झाली. तीत कुटुंबांच्या एकूण संपत्तीपैकी १९ टक्के स्त्रियांकडे आढळली. त्याच पद्धतीने घानामध्ये हे प्रमाण ३० टक्के व एक्वादोरमध्ये ५२ टक्के आले. एक्वादोरमध्ये विवाहानंतर मिळविलेली मालमत्ता कायद्याने पती-पत्नी दोघांची असते.

नाव लागणे म्हणजे ताबा मिळणे नव्हे, ही आणखी एक अडचण. १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आल्यावर अनेक ठिकाणी जमिनी नातेवाइकांच्या, त्यांत बायकांच्याही, नावे फिरल्या. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत देण्याचे धोरण राज्याने २०२१ मध्ये आणले. अशा उपायांनी दप्तरातील स्त्रियांची संख्या वाढते. विक्रीचा निर्णय कोण घेतो, पीककर्ज कोणाच्या खात्यात जमा होते, हे त्यावरून कळत नाही. तथापि केवळ नावापुरती मालकी म्हणून तिला तुच्छ लेखणेही बरोबर नाही. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ कार्यक्रमात पतींना जमिनीचा काही भाग पत्नीच्या नावे करण्यास उद्युक्त केले, त्यामागे हाच विचार होता. आज कागदापुरते असलेले नाव उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभे राहते.

नाव नसण्याची किंमत सातारा जिल्ह्यात विशेष स्पष्ट दिसते. येथील पुरुषांनी पोटासाठी मुंबई गाठण्याची रीत जुनी आहे. २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे साताऱ्यात ९८८, सांगलीत ९६६, तर राज्यात ९२९ स्त्रिया होत्या. पाटण, जावळीकडे शेत कसणारी बाई व उताऱ्यावरील धारक मुंबईत, अशी स्थिती असते. विविध कार्यकारी सोसायटीचे कर्ज, साखर कारखान्याचे सभासदत्व, २००५ च्या कायद्याखालील पाणी वापर संस्थेतील मत, नुकसानभरपाई, हे सर्व उताऱ्यावरील नावाला चिकटलेले असते. कसणाऱ्या हाताला नव्हे. सांगली जिल्ह्यात १९८० नंतरच्या दशकात कासेगावच्या इंदुताई पाटणकर यांच्यासारख्या कार्यकर्त्यांच्या स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने परित्यक्तांसाठी स्वतंत्र शिधापत्रिका व घरासाठी जागा मागितली, तेव्हा प्रथम त्यांची मोजदाद करण्याचाच प्रश्न उभा राहिला. टाकलेली स्त्री माहेरच्या कुटुंबात मोजली जाते. तेथील मालमत्तेत तिचे नाव नसते आणि सासरच्या घरात ती मोजलीच जात नाही.

संयुक्त राष्ट्रांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत यासाठी प्रौढ व्यक्तीला स्वतंत्रपणे विचारावे आणि सांगितलेली मालकी, कागदावरील नाव, विकण्याचा अधिकार व मृत्युपत्राने देण्याचा अधिकार या गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात, असे सुचविले आहे. महाराष्ट्रातील पाहणीत आणखी एक प्रश्न जोडावा लागेल : ‘माहेरच्या जमिनीवरील हक्क सोडला काय, केव्हा, व कोणाच्या नावे?’ त्याचे उत्तर पडताळण्याची सोय गावातच आहे. वारसनोंदी व फेरफार यांची पुस्तके गावनमुना ६ मध्ये वर्षावर्षाने ठेवलेली असतात. बहिणींची नावे लागल्याचा फेरफार व ती कमी झाल्याचा फेरफार यांत पुष्कळदा काही महिन्यांचेच अंतर असते.