इंजिन बंद असताना ट्रॅक्टरच्या बॅटरीचा वापर : किती व कसा करावा

हिंगणघाट ही विदर्भातील कापसाची जुनी व नावाजलेली बाजारपेठ होय. येथील कापसाचे नाव एकोणिसाव्या शतकातच दूरदेशीच्या व्यापाऱ्यांस परिचित झाले होते. त्या काळी माल बंडीतून येई आणि रात्रीच्या मुक्कामाला बंडीखाली टांगलेला कंदील पुरेसा होई. आता समुद्रपूर, वडनेर, अल्लीपूर इत्यादी भागांतून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या व पिकअप गाड्या कापूस घेऊन येतात. हंगामात आवक वाढली म्हणजे गाड्यांची रांग लागते आणि पुष्कळदा शेतकऱ्यास मालाजवळच रात्र काढावी लागते. अशा वेळी उजेड, मोबाईल, गाणी या सर्वांसाठी वीज घेतली जाते ती गाडीच्या बॅटरीतून. आणि इंजिन तर बंद असते.

रात्र सुखाने जाते. परंतु पहाटे नंबर लागतो, किल्ली फिरवावी तर स्टार्टर नुसता कण्हतो आणि थांबतो. मागच्या गाड्या खोळंबतात, भरलेली ट्रॉली ढकलता येत नाही आणि कित्येकदा हाती आलेला नंबर जातो. हा प्रसंग टाळणे अवघड नाही. त्यासाठी बॅटरीचा स्वभाव समजून घेऊन रात्रीच्या विजेचा थोडा हिशेब मात्र ठेवावयास हवा.

बॅटरीचे मुख्य काम

ट्रॅक्टर व मोटारगाड्यांत सामान्यतः शिसे व गंधकाम्ल यांची १२ व्होल्टची बॅटरी असते. ह्या जातीची बॅटरी फ्रान्समधील गास्ताँ प्लांते यांनी १८५९ साली प्रथम तयार केली. बॅटरीतून वीज घेतली म्हणजे आतील शिशाच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचा थर बसू लागतो व आम्ल पातळ होत जाते. इंजिन चालू झाले म्हणजे आल्टरनेटर उलट दिशेने वीज देतो आणि हा थर पुन्हा विरघळतो.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करून देणे एवढेच आहे. त्यासाठी तिला काही सेकंद शेकडो अँपिअर प्रवाह द्यावा लागतो. थोड्या वेळात मोठा प्रवाह देता यावा म्हणून तिच्या पट्ट्या पातळ व संख्येने अधिक केलेल्या असतात. घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या पट्ट्या जाड असतात. ती रात्रभर थोडी थोडी वीज देण्यासाठीच बनविलेली असते. दिसावयास दोन्ही सारख्या असल्या तरी एकीचे काम दुसरीकडून घेणे योग्य नाही. ट्रॅक्टरची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केल्यास तिच्या पातळ पट्ट्या लवकर झिजतात व तिचे आयुष्य कमी होते.

वीज शिल्लक असूनही इंजिन का सुरू होत नाही

येथे एक शंका सहज येते. दोनशे अँपिअर प्रवाह दहा सेकंद दिला तरी बॅटरीतून खर्च होते ती जेमतेम अर्धा अँपिअर-तास वीज. मग बॅटरीत वीस-पंचवीस अँपिअर-तास शिल्लक असताना इंजिन का अडावे?

ह्याचे उत्तर पाण्याच्या टाकीवरून समजेल. टाकी भरलेली असता नळाची धार जोराने पडते. तीच टाकी तळाला आली म्हणजे आत पाणी असूनही धार लुळी पडते. बॅटरी उतरली म्हणजे तिचा व्होल्ट कमी होतो व आतील विरोध वाढतो. त्यामुळे लहानसा दिवा पेटतो, मोबाईलही चार्ज होतो, परंतु स्टार्टरला लागणारा जोर तिच्यात उरत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने डिझेल पेटते, आणि त्यासाठी इंजिन पुरेशा वेगाने फिरावे लागते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इंजिनातील तेल थंडीने घट्ट झालेले असते आणि बॅटरीचीही शक्ती थंडीने मंदावलेली असते. म्हणूनच रात्री 'बॅटरी चांगली आहे' असे वाटते आणि नेमकी पहाटे ती दगा देते.

शेतकरी कितीही अडचणीत असला तरी पेरणीचे बियाणे दळावयास काढीत नाही. बॅटरीतील विजेचा बराच मोठा भाग असाच बियाण्याचा आहे, असे समजावे. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील फार तर पाव हिस्सा वीज रात्रीच्या खर्चास वापरावी; बाकीची पहाटेसाठी राखावी.

एका रात्रीचा हिशेब

पुष्कळ ट्रॅक्टरांस सुमारे ७५ अँपिअर-तास क्षमतेची बॅटरी असते. म्हणजे ती वीस तासपर्यंत ताशी पावणेचार अँपिअर वीज देऊ शकते. तिचा पाव हिस्सा म्हणजे सुमारे १८ अँपिअर-तास. परंतु दोन-तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीची खरी क्षमता ५० पर्यंत उतरलेली असू शकते. तिचा पाव हिस्सा १२ च भरेल. कोणत्या वस्तूस किती वीज लागते, याचा अंदाज पुढीलप्रमाणे करावा :

एक मोबाईल पूर्ण चार्ज करणे : सुमारे २ अँपिअर-तास.
६ वॅटचा १२ व्होल्टवरील एलईडी दिवा : ताशी अर्धा.
५ वॅटचे चार पार्किंग दिवे : ताशी सुमारे पावणेदोन.
६० वॅटचे गाण्याचे यंत्र : ताशी ५.
५५ वॅटचे समोरचे दोन दिवे : ताशी ९ हून अधिक.

आता समजा, सायंकाळी सहापासून सकाळी सहापर्यंत एक एलईडी दिवा चालला, दोन मोबाईल चार्ज झाले, चार तास गाणी झाली आणि बाजाराच्या आवारात उभे असतानाही पार्किंगचे दिवे रात्रभर लागून राहिले. दिव्याचे ६, मोबाईलचे ४, गाण्यांचे २० व पार्किंगचे सुमारे २० मिळून ५० अँपिअर-तास झाले. नव्या बॅटरीचाही दोन-तृतीयांश भाग संपला. जुनी तर पार रिकामी झाली. ह्याच रात्रीतून गाणी व पार्किंगचे दिवे वगळले तर खर्च केवळ १० वर येतो व जुन्या बॅटरीसही तो पेलतो. समोरचे दिवे लावून ठेवल्यास मात्र दोन तासांतच नव्या बॅटरीचा पाव हिस्सा संपतो, हे ध्यानात असावे.

हिशेब पडताळून पाहण्यासाठी लहानसा व्होल्टमापक जवळ ठेवावा. इंजिन व सर्व दिवे बंद करून काही वेळाने मोजले असता १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० म्हणजे पाव उरली असे समजावे. काटा १२.४ वर आला की वापर थांबवावा.

रात्रभर इंजिन चालू ठेवणे हा यावर उपाय नव्हे. उभ्या ट्रॅक्टरलाही तासाला सुमारे लिटरभर डिझेल लागते आणि मंद गतीवर आल्टरनेटर वीजही थोडीच देतो. शिवाय धुराड्यातील ठिणगी कापसास घातक असते. पिकअप गाडीची काच बंद करून, इंजिन चालू ठेवून आत झोपणे तर जिवावर बेतू शकते; धुरातील कार्बन मोनॉक्साईड ह्या विषारी वायूस वास नसतो व झोपलेल्या माणसास त्याची चाहूल लागत नाही.

सॉकेट व किल्ली

मोटारीत व पिकअपमध्ये समोरच्या फळीवर जे गोल सॉकेट असते, ते मूळचे सिगारेट पेटविण्यासाठी होते. आता त्यात चार्जर लावतात. काही गाड्यांत किल्ली काढल्यानंतरही त्यात वीज असते, काहींत नसते. किल्ली काढून चार्जर लावून पाहावा. त्याचा दिवा पेटला तर वीज आहे असे समजावे व काम होताच चार्जर काढून ठेवावा. सॉकेटसाठी किल्ली फिरवावी लागत असेल तर ती पहिल्याच खुणेवर ठेवावी. पुढच्या खुणेवर ठेवल्यास समोरचे दर्शक दिवे व इतर उपकरणेही वीज घेऊ लागतात.

सॉकेटला ठराविक फ्यूज असतो. तो १० अँपिअरचा असल्यास १२० वॅटपलीकडे भार घालता येत नाही. पाणी तापविण्याची हजार वॅटची कांडी इन्व्हर्टरवर लावल्यास बॅटरीतून ऐंशी अँपिअरहून अधिक प्रवाह जाईल. असा प्रयोग कदापि करू नये.

कापसाजवळ ठिणगी नको

ज्या ट्रॅक्टरास सॉकेट नाही, त्याच्या बॅटरीच्या दांड्यांना उघड्या तारा गुंडाळून दिवा नेण्याची पद्धत आढळते. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून ह्या तारांची भीती वाटत नाही; परंतु दोन तारा एकमेकींस टेकल्या तर ट्रॅक्टरच्या बॅटरीतून हजार अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो, तार क्षणात लाल होते व तिचे आवरण पेटते. ती तार ट्रॉलीवरून गेलेली असेल तर काय होईल हे सांगणे नको. कापसाची आग वरून विझली असे वाटले तरी आत धुमसत राहते, आणि बाजारात एका ट्रॉलीस दुसरी लागून उभी असते. वर्षभराच्या कष्टाचे मोल अशा एका तारेवर टांगू नये.

म्हणून कायमचे सॉकेट जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावे. धन टोकापासून वीतभर अंतराच्या आतच ५ अँपिअरचा फ्यूज असावा. फ्यूज जळल्यास त्याच्या जागी तार किंवा चांदी घालू नये. तो का जळला हे प्रथम पाहावे. दिव्याची तार मालावरून नेऊ नये, व दिवा कापसात खोचू नये.

फवारणी पंपाची बॅटरी

कापूस उत्पादकाच्या घरी बहुधा बॅटरीवर चालणारा फवारणी पंप असतो. त्यात पुष्कळदा १२ व्होल्टची, ८ ते १२ अँपिअर-तासांची बॅटरी असते आणि माल विकण्याच्या दिवसांत ती रिकामी पडून असते. घरी तिच्या स्वतःच्या चार्जरवर पूर्ण भरून, फ्यूज लावून ती बरोबर आणल्यास एक लहान दिवा व एक-दोन मोबाईल एवढ्यास ती उपयोगी पडते, आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीस हात लावावा लागत नाही. मोबाईलपुरतीच गरज असल्यास २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक दोन-तीन वेळा चार्ज करून देते.

ह्याउलट, पंपाची बॅटरी ट्रॅक्टरच्या बॅटरीस सरळ तारा जोडून भरण्याचा प्रयत्न करू नये. ती पूर्ण भरण्यास सुमारे १४ व्होल्ट लागतात; बंद ट्रॅक्टरात १२.६ हून अधिक नसतात. सबब ती अर्धवटच भरते व ट्रॅक्टरची बॅटरी मात्र उतरते. इंजिन चालू असताना जोडल्यास लहान बॅटरीत अनावर प्रवाह जाऊन ती तापते. लिथियमच्या बॅटरीच्या बाबतीत तर हे अधिकच धोक्याचे आहे.

रस्त्यावर काटकसर नको

वर सांगितलेली काटकसर बाजाराच्या आवारात व शेतात करावयाची आहे; रस्त्यावर नव्हे. हिंगणघाटावरून नागपूर-हैदराबाद राष्ट्रीय महामार्ग जातो. बिघाड होऊन ट्रॉली रस्त्यालगत थांबविणे भाग पडल्यास, बॅटरी उतरली तरी चालेल, पण मागील दिवे चालू ठेवावे. पहाटे इंजिन सुरू न होणे ही अडचण आहे; अंधारात न दिसलेली ट्रॉली म्हणजे मनुष्यहानी. ट्रॉलीच्या मागे व बाजूंस लाल-पिवळ्या परावर्तक पट्ट्या लावाव्या. त्यांना वीज लागत नाही. मात्र पट्ट्या असल्या म्हणजे दिव्यांची गरज नाही असे समजू नये.

इंजिन सुरू न झाल्यास

स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांहून अधिक दाबू नये. मध्ये किमान अर्धा मिनिट थांबावे. दोन-तीन वेळा यश न आल्यास दुसऱ्या ट्रॅक्टरची मदत घ्यावी. तोही १२ व्होल्टचाच असावा. कित्येक ट्रकांची यंत्रणा २४ व्होल्टची असते, तिला जोडू नये. दोन्ही वाहने एकमेकांस टेकलेली नसावी. लाल तार प्रथम उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकास व नंतर चांगल्या बॅटरीच्या धन टोकास जोडावी. काळी तार चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकास लावून तिचे दुसरे टोक बंद ट्रॅक्टरच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडास, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटच्या जोडणीवेळी ठिणगी उडते व बॅटरीजवळ हायड्रोजन वायू साचलेला असू शकतो, म्हणून ही खबरदारी. इंजिन सुरू झाल्यावर तारा उलट क्रमाने काढाव्या. शक्य असल्यास हे काम कापसाच्या ट्रॉलीपासून दूर करावे.

घरी परतल्यावर

बाजारातून गावापर्यंतच्या तास-अर्ध्या तासाच्या वाटचालीत उतरलेली बॅटरी पूर्ण भरत नाही. तिला दोन-तीन तास कामाच्या गतीवर चालविणे किंवा चार्जरवर लावणे आवश्यक असते. अर्धवट स्थितीत आठवडे काढल्यास पट्ट्यांवरील लेड सल्फेट घट्ट होऊन बसते व मग ते विरघळत नाही. ज्या बॅटरीत पाणी घालण्याची सोय आहे, तिच्यात खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालावे, आम्ल घालू नये. उन्हाळ्यात हे पाणी अधिक वेळा पाहावे. टोकांवर साचलेली पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्याने धुऊन, टोके कोरडी करून, आवळून बसवावी.

पुढील खेपेस माल भरण्यापूर्वी, आदल्या सायंकाळीच बॅटरीचा व्होल्ट मोजावा. १२.४ हून कमी भरल्यास ती चार्ज केल्यावाचून बाजारास निघू नये.