बर्फातला पांढरा रंग

डिसेंबर-जानेवारीत केदारकंठाला जाणाऱ्यांत मराठी ट्रेकर भरपूर असतात. उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातलं हे शिखर सुमारे ३८०० मीटर उंच आहे. वाट सांकरी गावातून चढते. तिथून आणलेल्या फोटोंत बर्फ मात्र बहुतेकदा मळकट, राखाडी दिसतो. दोष कॅमेऱ्याच्या प्रकाशमापनाचा. समोरचं दृश्य मध्यम उजेडाचं आहे असं धरून कॅमेरा हिशेब करतो आणि लख्ख बर्फाला काळवंडवतो. म्हणून एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +१ ते +१.५ ठेवावं. मोबाइलमध्येही स्क्रीनवर बोट टेकवून उजेड वाढवता येतो.

थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, चार्ज भराभर उतरतो. जादा बॅटरी अंगालगतच्या खिशात ठेवा. गारठलेला कॅमेरा उबदार खोलीत नेताना आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा, नाहीतर लेन्सवर दव धरतं. ही खबरदारी फार थोडे जण घेतात.

सगळे शिखरावरच्या सूर्योदयासाठी धावतात. मला विचाराल तर खरा खजिना खालच्या जंगलात आहे. झाडांच्या सालीवर दगडफूल वाढतं, आपल्या गोड्या मसाल्यातलं असतं तसलंच. सकाळी त्याच्या मुडपलेल्या कडांवर हिमकणांची बारीक झालर असते. तिरप्या उन्हात, गुडघे टेकून, अगदी जवळून ती टिपावी. फक्त त्यासाठी फांदी मोडू नका आणि मळलेली वाट सोडून निसरड्या उतारावर जाऊ नका.