डोळ्यातली ‘काच’
अंबाजोगाईच्या सरकारी रुग्णालयातून मोतीबिंदू काढून आलेली आजी ‘डोळ्यात काच बसविली’ म्हणते, हे आपण ऐकतो. ती काच नव्हे, प्लॅस्टिक होय. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या ॲक्रिलिक छताचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. ते आत राहूनही डोळा फारसा चिडत नाही, हे हॅरॉल्ड रिडले यांनी हेरले आणि १९४९ साली लंडनला त्याच द्रव्याचे भिंग रुग्णाच्या डोळ्यात बसविले. सहकाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले, ते निराळेच! आता मऊ भिंग घडी घालून अडीच-तीन मिलिमीटरच्या छेदातून सरकविता येते. बहुधा टाकाही लागत नाही. म्हणून मोतीबिंदू ‘पिकण्याची’ वाट पाहू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. कोयते कारखान्यावर गेले, की वस्तीवर नातवंडांपाशी आजीच उरते.