हा कोकीळ नव्हे

फाल्गुनातील एका सकाळी वडिलांना घेऊन अलिबागजवळच्या आक्षी किनाऱ्यावर गेलो होतो. वडील ब्याऐंशी वर्षांचे. ओहोटीमुळे ओली, घट्ट वाळू उघडी पडली होती. काठी टेकत चालणाऱ्यास भुसभुशीत वाळूपेक्षा तीच बरी.

हिवाळी पाहुणे पक्षी परतीच्या बेतात असतात ते हेच दिवस. पाण्याच्या कडेला पांढरा धोबी शेपूट हलवीत किडे टिपत होता. सुरूच्या बनामागील आंब्यावर हिरवट वटवट्या होता. या पाखराचे वजन जेमतेम सात-आठ ग्रॅम. तरी विणीसाठी ते हिमालयात आणि त्याही पलीकडे उत्तरेला जाते. पानांत ते असे मिसळते की आधी ऐकावे आणि मग शोधावे लागते.

“बाबा, ऐका.”

“कोकीळच की!” ते म्हणाले.

कोकीळ दूर वाडीत होता. वटवट्या आमच्या डोक्यावर होता. धोबी बारीक आवाज करीत उडाला, तोही त्यांना ऐकू आला नाही.

बाबा लक्ष देत नाहीत, विसरतात, चारचौघांत गप्प बसतात, असे आम्ही वर्षभर म्हणत होतो. इतरांचे कान तपासण्यात उमर गेलेल्या माझ्याही ध्यानात खरे कारण आले नव्हते. वार्धक्यातील बहिरेपणा बहुधा दोन्ही कानांत, उंच स्वरांपासून सुरू होतो. कोकिळाचा त्यामानाने खालचा सूर पोहोचतो, बारीक किलबिल हरवते. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही व्यंजनेही उंच स्वरांचीच. म्हणून आवाज येतो, पण शब्द कळत नाही. अशा माणसाशी ओरडून बोलणे व्यर्थ (आणि अपमानास्पदही). दूरदर्शन संच बंद करून, समोर बसून सावकाश बोलावे. कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून पाहून घ्यावे, स्वतः काडी घालू नये. मग श्रवणचाचणी करावी. मात्र एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठावे.

बाबांना श्रवणयंत्र बसविले. पहिले काही दिवस भांड्यांच्या आवाजाने ते वैतागले, दोनदा यंत्र काढूनही ठेवले. सवय व्हायला काही आठवडे लागतात, हे घरच्यांनी आधीच जाणून असावे.

चैत्र लागल्यावर पुन्हा आक्षीला गेलो. धोबी दिसला नाही. आंब्याखाली बाबा थबकले, मान वर केली आणि काठीने फांदी दाखवीत म्हणाले, “हा कोकीळ नव्हे.”