लोरेटो डे स्कूल, सियालदा

कोलकाता शहरातील मुलींची एक जुनी कॅथलिक शाळा. लोरेटो संघाच्या जोगिणी १८४१ च्या अखेरीस आयर्लंडहून कोलकात्यास आल्या. त्यांनी तेथे मुलींसाठी ज्या शाळा काढल्या, त्यांपैकी सियालदा येथील शाळा १८५७ मध्ये स्थापन झाली. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी आहे. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी (१९३६–२०२३) मुख्याध्यापिका झाल्या. गरिबांसाठी वेगळी शाळा न काढता त्यांनी शुल्क न देणाऱ्या मुलींना त्याच वर्गांत प्रवेश दिला. कालांतराने अशा विद्यार्थिनींचे प्रमाण सु. निम्मे झाले. १९८५ मध्ये रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी ‘रेनबो’ हा उपक्रम सुरू झाला. ही मुले आपल्या सवडीने येत आणि पाचवीपासून वरच्या वर्गांतील विद्यार्थिनी कार्यानुभवाच्या तासिकेत त्यांना एकेकट्याने शिकवीत. पुरेशी तयारी झाल्यावर त्यांना नियमित शाळेत घातले जाई. पुढे काही मुलींच्या निवासाची सोयही शाळेतच करण्यात आली. शिकविणे हाही शिकण्याचाच भाग होय, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र. शाळेस यूनेस्कोचे नोमा साक्षरता पारितोषिक (१९९४) मिळाले; मूनी यांना पद्मश्री (२००७) देण्यात आली.