गळावरची माशी

आमच्या घरांत मासा शिजत नाहीं व गळ हातीं धरण्याचा प्रसंगही कधीं आला नव्हता. त्यामुळें इंग्लंडांत शिकत असलेला नातू दिवाळींत हिंगोलीस आला आणि माजघरांतील टेबलावर गळ, तांब्याची केसासारखी तार व मोराचीं गळलेलीं पिसें मांडून बसला, तेव्हां आमच्या मंडळींच्या कपाळास आठ्या पडल्या. मीं चष्मा पुसून खुर्ची जवळ ओढली.

ट्राउट हा थंड पाण्यांतील मासा. निलगिरि, काश्मीर येथें तो इंग्रजांनीं आणून सोडला. आमच्या कयाधूच्या कोमट पाण्यांत तो जगणार नाहीं. त्याचें एक मुख्य भक्ष्य म्हणजे पाण्याखालीं दगडांस चिकटून राहणारे किडे. पुढें त्यांना पंख फुटतात व कांहीं तासांत वा एक-दोन दिवसांत त्यांचें आयुष्य संपतें. पंख फुटण्यापूर्वींच्या अवस्थेस ‘निंफ’ म्हणतात. तिचीच प्रतिमा गळावर बांधावयाची. विल्टशायरांतील एव्हन नदीचा रखवालदार फ्रँक सॉयर यानें दोऱ्याऐवजीं केवळ तार वापरून ही कृति सोपी केली. त्याचें पुस्तक १९५८ सालचें आहे.

कृति अशी. गळ लहान व्हाइसमध्यें पक्का धरावा. त्याच्या दांड्यावर तार गुंडाळून पुढें, छातीच्या जागीं, फुगवटा करावा. पिसाचे चार तंतू, टोकें शेपटीसारखीं बाहेर ठेवून, मागें बांधावे. मग ते तारेशीं पिळून पुढें गुंडाळीत न्यावे. फुगवट्यावर तेच तंतू दोनतीनदां मागेंपुढें दुमडून तारेनें आवळावे. हे मिटलेले पंख. पाय करूं नयेत, कारण पोहतांना किडा ते अंगाशीं आंखडून घेतो. शेवटीं चार वेढे देऊन तार तोडावी. तारेच्या वजनानें माशी बुडते. हेंच तिचें मर्म.

“धरलेला मासा मी परत सोडून देतों, आजी,” नातू म्हणाला.

“मग टोचावा तरी कशाला?”

याचें उत्तर त्याच्यापाशीं नव्हतें, माझ्यापाशींही नाहीं.

“आजोबा, आपल्या ग्रंथांत असें कांहीं आहे का?” त्यानें मला विचारलें. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतील ‘मानसोल्लासां’त ‘मत्स्यविनोद’ नांवाचें प्रकरणच आहे. माशांच्या जाती, त्यांचीं वसतिस्थानें, कोणास कोणतें आमिष, दोरी व गळ कसा, हें सारें त्यांत आहे. माशाचें भक्ष्य आधीं ओळखावें, हें तत्त्व तेथेंही तेंच. बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंतील ती प्रत माझ्या कपाटांत तीस वर्षें आहे; ‘हें आपल्या कामाचें नव्हे’ म्हणून तीं पानें मी ओलांडून जात असें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे नदीवर गेलों. आजीच्या शब्दाखातर गळ घरींच ठेविला. वाहत्या पाण्यांतील एक दगड त्यानें उलटला व तांदुळाएवढा, तीन शेपट्यांचा किडा दाखविला. जिच्या कांठीं मीं जन्म काढला, त्या नदींतील दगड मी प्रथमच उलटून पाहत होतों. गांवाखालीं, नाला मिळतो तेथें, आम्ही सात दगड पाहिले. एकाखालींही तो नव्हता. घाण पाण्यांत हे किडे बहुधा टिकत नाहींत.

नातू परत गेला. ती माशी मीं ‘मत्स्यविनोदा’च्या पानांत ठेविली आहे, तिचें टोंक मात्र आमच्या मंडळींनीं आधीं मोडवून घेतलें. वाचकांच्या घरचीं मुलें सुटींत नदीवर जातील, तेव्हां त्यांस एखादा दगड उलटून पाहण्यास सांगावें. आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच ठेवण्यासही.